छत्तीस पॉइंट नऊ

१

आमच्या गुऱ्हाळात जाळ घालणाऱ्या माणसाला नावानं हाक मारायची नाही. जाळ वाढवायचा असेल तर रस शिजवणाऱ्या गुळव्यानं काहिलीच्या, म्हणजे रसाच्या मोठ्या कढईच्या, काठावर झारा एकदा आपटायचा, कमी करायचा असेल तर दोनदा. जेवणाचं ताट नेऊन पायरीवर ठेवायचं. नाव घ्यायचं नाही.

बाकीच्या गुऱ्हाळांत असलं काही नाही. ओढ्यापलीकडच्या गुऱ्हाळात गुळव्या दिवसभर नावानं आणि शिव्यांनी हाका मारतो. गूळ तिथंही होतो.

सहा वर्षांची असताना मी "का?" विचारलं, तेव्हा तानाआत्यानं पाठीत धपाटा घातला. सोळाव्या वर्षी विचारलं, तेव्हा माझे वडील, आबा, म्हणाले, "पद्धत हाय." फूड टेक्नॉलॉजीत एम.एस्सी. करून घरी आल्यावर पुन्हा विचारलं, तर आमचे गुळव्या रशीदचाचा हसले. "एवढं शिकलीस आन् अजून त्येच इचारतीस व्हय?" जणू शिकायचं ते प्रश्न संपवण्यासाठी.

काहिलीखालची भट्टी, म्हणजे चुलवाण, जमिनीच्या पोटात आहे. तिचं तोंड गुऱ्हाळघराच्या मागच्या भिंतीला, पाच पायऱ्या खाली, खड्ड्यात. त्या तोंडासमोरच्या दगडावर आकारामतात्या बसायचे. आबांचे चुलतभाऊ, एकटा जीव, नऊ हंगाम त्याच जागी. उसाचं वाळलेलं चिपाड मुठीमुठीनं आत सारायचं, एवढंच काम. वर काहिलीशी रशीदचाचा. मध्ये भिंत. दोघं एकमेकांना दिसत नाहीत.

फेब्रुवारी संपत आला तेव्हा आबांनी जेवता जेवता मागच्या भिंतीकडं हनुवटी केली. "त्याचं आता हुईना. पाडव्यापासनं धैर्यशील बसंल."

धैर्यशील माझा धाकटा भाऊ. बावीस वर्षांचा, पोलीस भरतीसाठी रोज पहाटे माळावर धावणारा.

"त्याची मेमध्ये मैदानी चाचणी आहे," मी म्हटलं. "बाहेरचा माणूस लावा की."

"घरातलाच लागतोय."

"का?"

आबांनी आमटी ओरपली. उत्तर मला पाठ होतं.

२

त्या हंगामात मी गुऱ्हाळात एकच नवी गोष्ट आणली. टेंपरेचर गन. कोरोनात कपाळावर धरायचे तसलीच, पण मोठ्या पल्ल्याची, अकराशे डिग्रीपर्यंतची. दुबईच्या एका गिऱ्हाइकाला प्रत्येक आधणाचं तापमान लिहिलेलं हवं होतं. आधण म्हणजे काहिलीत एका वेळी ओतलेला रस, त्याचा गूळ होईपर्यंत. मी सकाळी नऊपासून वही घेऊन उभी राहायचे. रस अठ्ठावीस. मळी वर येते पंच्याऐंशीला. गूळ उतरवायचा एकशे अठराला. मग मागं जाऊन तिसऱ्या पायरीवरून, तात्यांच्या खांद्यावरून, गनचा लाल ठिपका भट्टीच्या आतल्या भिंतींवर टाकायचा. आठशे ऐंशी, नऊशे, आठशे सत्तर.

"तुजी बंदूक एकशे अठरा म्हणायच्या आदी माजं बोट म्हणतंय," रशीदचाचा मला चिडवायचे. थेंबभर पाक पाण्यात सोडून बोटांत गोळी वळायचे आणि म्हणायचे, "उतरा." गन बघावी, तर एकशे अठरा. मला याचाही राग यायचा.

तानाआत्या तिथंच रसातली मळी काढायला लागणाऱ्या भेंडीच्या काड्या ठेचत बसायची, मांडीवर मोबाइल ठेवून. एके दिवशी कुणी महाराज नरकांची वर्णनं करत होते. कोण कुठल्या पापाला कुठं पडतो, कुंभीपाकात उकळत्या तेलाच्या कढईत कसे घालतात.

"आत्या, तेल अडीचशेच्या आसपास धुरायला लागतं," मी म्हटलं. "आपलं चुलवाण नऊशेला आहे. म्हणजे नरकापेक्षा आपलं गुऱ्हाळ साडेतीनपट गरम. पापी लोकांना इकडंच पाठवायला सांग महाराजांना."

"जीभ झडंल," आत्या म्हणाली.

चाचा काहिलीत झारा फिरवत होते. "आमच्यात म्हणत्यात, तितली आग हितल्या आगीच्या सत्तर पट."

मी वहीच्या मागच्या पानावर गुणाकार केला. "त्रेसष्ट हजार डिग्री, चाचा. सूर्याच्या अंगापेक्षा अकरापट. त्यात लोखंडाचीसुद्धा वाफ होईल. माणूस एका क्षणात संपला की शिक्षा कुणाला देणार?"

झारा थांबला. वाफेतून चाचांचा चेहरा नीट दिसत नव्हता.

"म्हणूनच तर," ते म्हणाले. "जळाय नको त्यानं."

आणि त्यांनी काठावर झारा आपटला. एकदा. भिंतीपलीकडं चिपाड सरकल्याचा आवाज आला.

३

त्याच दुपारी तिसऱ्या आधणाला मी लाल ठिपका आत टाकला. उजवी भिंत आठशे चौऱ्याऐंशी. कमान नऊशे दोन. डावी भिंत आठशे एकाहत्तर. मागचा डावा कोपरा छत्तीस पॉइंट नऊ.

मी बटण सोडून पुन्हा दाबलं. छत्तीस पॉइंट नऊ.

गन बिघडली, हा पहिला विचार. चहावर धरली, एकाहत्तर. म्हशीच्या पाठीवर धरली, अडतीस. धैर्यशीलच्या कपाळावर धरली, छत्तीस आठ.

"झालो का पास?" तो म्हणाला.

"डोकं रिकामं दाखवतंय."

"मग भरती नक्की."

दुसरा विचार, राख. राखेचा थर आकडा खाली आणू शकतो. पण आणला तरी सहाशेपर्यंत. तिसरा, काहीतरी चकचकीत पडलंय आत, पत्रा वगैरे, आणि गन त्यात बाहेरचं प्रतिबिंब वाचतेय. नऊशे डिग्रीत पत्रा चकचकीत राहत नाही, हे मला माहीत होतं. तरी मी वहीत "परावर्तन?" असं लिहिलं आणि पुढं प्रश्नचिन्ह गिरवत बसले.

आठवडाभर मी तो कोपरा रोज मोजला. भट्टीत कुठलाच आकडा जागेवर राहत नाही, चिपाडाची एक मूठ पडली की पन्नासनं उडी मारतो. हा एक आकडा दशांशानंही हलत नव्हता. मी आबांना वही दाखवली. त्यांनी चष्मा न लावताच ती मिटली.

"त्या कोपऱ्याचं लिवू नगंस."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे?"

"लिवू नगंस म्हटलं न्हवं?"

४

चाचांचा पुतण्या उमर बी.एस्सी.ला माझ्या वर्गात होता. आता शिरोलीच्या एका फाउंड्रीत वितळलेल्या लोखंडाचं तापमान बघतो. त्याच्याकडं सोळाशे डिग्रीची गन होती. मी त्याला रविवारी दुपारी बोलावलं.

"खेळणं आहे तुझं ते," तो माझ्या गनकडं बघून म्हणाला. "ऑनलाइन ऑफरमध्ये घेतलीस ना? आता बघ खरं यंत्र."

तिसऱ्या पायरीवर उभं राहून त्यानं ठिपका टाकला. आधी भिंतींवर, मग कोपऱ्यात. मी त्याच्या खांद्यावरून पडदा बघत होते. छत्तीस पॉइंट नऊ.

त्यानं ठिपका हळूहळू उजवीकडं सरकवला. एका जागी आकडा एकदम आठशे झाला. परत डावीकडं आणला, छत्तीस नऊ. मग वर, मग खाली. तो मोजत होता. थंड जागा किती रुंद आहे, किती उंच. मीही मनात तेच मोजत होते. खांद्यांएवढी रुंद. बसलेल्या माणसाएवढी उंच. वरच्या बाजूला निमुळती, आणि मग पुन्हा थोडी गोल.

त्यानं गन बंद केली.

"भट्टीत थंड जागा राहते का रे?"

"राहते की."

"किती थंड?"

"सातशे."

भिंतीपलीकडून चाचांचा आवाज आला. आम्ही पायऱ्यांवर आहोत हे त्यांना दिसायचं काही कारण नव्हतं. "उमर, घरला जा."

तो गेला. गन माझ्या हातात तशीच ठेवून गेला. निघताना आत्यानं नेहमीसारखा कोमट गुळाचा खडा पुढं केला. लहानपणापासून हावरटासारखा खाणारा उमर, त्या दिवशी हात मागं घेऊन म्हणाला, "नको, आत्या. दात दुखतोय."

५

इतके दिवस मी तात्यांच्या खांद्यावरून आत बघत होते. तात्यांकडं बघितलंच नव्हतं. याची मला आजही लाज वाटते.

मार्च अर्धा सरला होता. गुऱ्हाळाच्या पत्र्यावर हात ठेवता येत नव्हता. तात्या नऊशे डिग्रीच्या तोंडासमोर पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून, कानटोपी ओढून, वर घोंगडं पांघरून बसले होते.

"तात्या, थंडी वाजतीय का?"

मान हलली. हो म्हणाल्यासारखी. वळली नाही.

पायरीवर सकाळचं ताट होतं. भाकरी वाळून पापडासारखी वर वळली होती. तांब्या कोरडा होता, तळाला पाणी आटल्यावर राहतो तसला पांढरा क्षार. तात्यांनी चिपाडाची मूठ उचलली, आणि ती आत जाण्याआधी, त्यांच्या हातातच, बारीक धुरायला लागली.

मी गन त्यांच्या पाठीवर धरली. अठ्ठावन्न पॉइंट चार. कपडे तापलेत, मी स्वतःला सांगितलं. मग टोपी आणि घोंगड्याच्या मध्ये दिसणारी मान. उघडी, आगीच्या उलट्या बाजूची. एकसष्ट पॉइंट दोन. उमरची गन घेतली. एकसष्ट पॉइंट दोन.

बासष्टला अंड्याचा पांढरा भाग गोठायला लागतो. पदवीच्या पहिल्याच वर्षी शिकवतात ते.

मी वर पळाले. आबा, आत्या आणि चाचा, तिघंही काहिलीशी होते.

"तात्यांना दवाखान्यात न्यायला पाहिजे. आत्ता."

"पाडव्यापातूर चालंल," आबा म्हणाले.

"चालेल काय चालेल! माणूस आहे ना तो?"

साधा प्रश्न होता. तिघांतल्या कुणीही "व्हय" म्हणालं असतं तर मी शांत झाले असते. आत्यानं आबांकडं बघितलं. आबांनी चाचांकडं. चाचांनी काहिलीकडं.

"मळी काडा," चाचा म्हणाले. "वर आलीया."

६

दुसऱ्या दिवशी, पाडव्याच्या आदल्या दिवशी, मी सरळ खड्ड्यात उतरले. पाचवी पायरी पहिल्यांदाच. तिथली हवा गरम नव्हती, जड होती. कानात दडे बसल्यासारखं वाटलं.

"तात्या, उठा. मी गाडी काढलीय."

चिपाड उचललं, सारलं.

"तात्या, ऐकताय ना?"

उचललं, सारलं. त्या पाठीवर, त्या घोंगड्यावर, मला भयंकर संताप आला. नऊ वर्षं एका दगडावर बसणाऱ्याचा, बसवणाऱ्यांचा, विचारलं की भिंतीकडं बघणाऱ्यांचा. मी ओरडले.

"आकारामतात्या!"

"ओ," आतून उत्तर आलं.

मी समोरच्या पाठीकडंच बघत होते. ती हलली नव्हती. आवाज त्या पाठीच्या पलीकडून आला होता, जाळाच्या आतून, मागच्या डाव्या कोपऱ्यातून. किंचाळी नव्हती, कण्हणं नव्हतं. शेजारच्या खोलीतून माणूस कामात असताना ओ देतो, तसा तो दमलेला, सरळ, ओळखीचा आवाज.

"कोण? वर्षू व्हय?"



"कितवं आदाण चाललंय गं?" आतून विचारलं. "झाराच ऐकू येतोय नुस्ता. कितवं हाय, त्येवडं सांग की."

मी वाकले. का वाकले माहीत नाही. घोंगड्याच्या आणि कमानीच्या मधल्या फटीतून, पांढऱ्या जाळात, मला एक गुडघा दिसला. त्यावर टेकलेला हात. बोटांवर चिपाडाचे ओरखडे, ताजे, लाल. कुठंही भाजलेलं नाही. ते बोटांनी मोजत होते. अंगठा एका पेरावरून दुसऱ्या पेरावर जात होता, शेवटच्या पेराशी अडखळून पुन्हा पहिल्यावर येत होता.

वर झारा आपटला. एकदा. घोंगड्याखालच्यानं भली मोठी मूठ आत सारली आणि जाळ तोंडाशी आला. आतला आवाज बंद झाला.

मग तो बाहेरचा माझ्याकडं वळायला लागला. मी त्याचा चेहरा बघितला नाही. पाचही पायऱ्या हातापायांवर चढून आले.

वर चाचा झारा धरून उभे होते. दुसऱ्या हातात पाण्याचा पेला.

"आधण झालेलं होतं," मी म्हटलं. "गूळ उतरवायला आलेला होता, चाचा. आता जाळ कशाला वाढवलात?"

ते काहिलीकडं बघत राहिले. त्यांनी त्या दिवशीचं शेवटचं आधण करपवलं. चाळीस वर्षांत पहिलं.

७

धैर्यशीलला मी सगळं सांगितलं. तो नेहमीसारखा हसला नाही, पण त्यानं मानलंही नाही.

"भट्टीत आवाज घुमतोय, ताई. न्हाय बसलो तर आबा जन्मभर बोलायचे न्हाईत. एक हंगाम काडतो की."

"एक दिवससुद्धा नाही. सकाळी मुरगूडला मावशीकडं जायचं. भरती होईपर्यंत तिथंच राहायचं. बॅग भर."

शेवटी त्यानं बॅग भरली. मी बघितली, भरलेली. सकाळी स्कूटरमध्ये पेट्रोल घालायला हमरस्त्यापर्यंत गेले. जायला-यायला पाऊण तास.

परत आले तेव्हा दारात गुढी उभी होती. बॅग कट्ट्यावर होती. काहिलीखाली जाळ लागला होता, आणि तिघंही काहिलीशी नव्हते. मागं, खड्ड्याच्या काठावर उभे होते. आबा, आत्या, चाचा. चाचांच्या हातात झारा होता. रस कुणी न ढवळता उकळत होता.

खाली दगडावर धैर्यशील पाठमोरा बसला होता. धावायचा निळा टी-शर्ट, पाठीवर नंबर. खांद्यावर तात्यांचं घोंगडं.

"तात्या कुठायत?" मी विचारलं.

"गेला," आबा म्हणाले.

"कुठं?"

त्यांनी हनुवटी हलवली. ती आधी भट्टीच्या तोंडाकडं वळली. मग त्यांच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी ती रस्त्याकडं केली.

"धैर्या, ऊठ. चल."

उचललं, सारलं. अगदी त्याच लयीत. धैर्यशीलनं आयुष्यात कुठलंही काम एका लयीत केलेलं नाही.

मी गन काढली. पाठीवर धरली. एकेचाळीस पॉइंट दोन. जाळासमोर बसलं की टी-शर्ट तापतो. अर्ध्या तासात तापतोच. मग मान. मानेवर घोंगडं होतं. मग कोपऱ्यावर ठिपका टाकायला हात उचलला, आणि उचलला तसाच थांबवला. आकडा छत्तीस नऊ आला असता तरी तो कुणाचा, हे गननं सांगितलं नसतं.

ते कळायला एकच मार्ग होता आणि तो त्या तिघांनाही माहीत होता. आत्यानं माझं मनगट धरलं.

"वर्षू, हाक मारू नगंस गं बाई. तुज्या पाया पडते."

"का?"

"कशाला कळाय पायजे?" आबांचा आवाज फाटला. "आमी हाक मारली न्हाय, आमच्या आदीच्यांनी मारली न्हाय. कदीच कळलं न्हाय, म्हणून चाललं. सांच्याला दगडावरनं उठतोय, घरात येतोय, झोपतोय. त्यो आपलाच हाय, असं धरायचं. धरलं की चालतंय."

"तात्या आपलेच होते? नऊ वर्षं?"

"असतील," आबा म्हणाले. "असतील की. कुणी बगितलंय?"

"मी बघितलंय. ते आत आधणं मोजतायत, आबा. त्यांना आकडा लागत नाही."

चाचांनी डोळे मिटून घेतले. मला त्यांची दया आली, आणि दयेपेक्षा जास्त चीड. चाळीस वर्षं भिंतीच्या या बाजूला उभा राहून हा माणूस झारा आपटत होता, आणि दर वेळी पलीकडून चिपाड सरकलं की कुणीतरी आहे, एवढंच धरून चालत होता.

"पोरी," ते म्हणाले, "न्हाय मारलीस तर तुजा भाऊ सांच्याला जेवाय ईल. तुज्या पानाशेजारी बसंल. मारलीस, आन् त्या बाजूनं ओ आली, तर? काय करशील मग?"

धरून चालायचं, हे मला जमणार नव्हतं. शेजारी बसून जेवणाऱ्याच्या हातातली भाकरी धुरते का, हे रोज चोरून बघत मला म्हातारं व्हायचं नव्हतं.

"मी नाही पाळणार," मी म्हटलं. "तुमची पद्धत तुम्ही पाळा."

मनगट सोडवलं. आत्या काहीतरी देवाचं पुटपुटत होती, आबा "वर्षे, वर्षे" म्हणत होते, चाचांनी झारा वर उचलला होता, पण आपटायला इथं काठ नव्हता. मी तिसऱ्या पायरीवर उतरले. निळ्या पाठीवरचा नंबर वाचला. छाती भरून श्वास घेतला.

"धैर्यशील!"

मागं आत्याचं पुटपुटणं तुटलं. आबांचं "वर्षे" अर्ध्यावर राहिलं. चाचांचा हात तसाच वर होता. आम्ही चौघांनीही माना थोड्या पुढं केल्या, कुठल्या बाजूनं ओ येते ते ऐकायला.